घुबडावरचा छेद

"बद्द," पोतदार म्हणाले.

त्यांनी माझं नाणं फरशीवरून उचललं आणि कोपरभर उंचीवरून पुन्हा सोडलं. आवाज तोच. त्याआधी फरशीवर पडलेले सगळे रुपये खणखणत गिरक्या घेत थांबले होते. माझं नाणं ओल्या दाराची फळी लागावी तसं वाजलं आणि पडल्या जागीच बसलं.

"ऐकलंत ना, सोवनी? तुमच्याच कानांनी ऐकलंत. मी पदरचं काही सांगत नाही."

मी मान हलवली. ऐकलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्या पंधरा-वीस जणांनीही ऐकलं होतं. कोणीतरी हसलं. कोण ते मी पाहिलं नाही. अशा वेळी मी नेहमी स्वतःच्या चपलांकडे पाहतो.

कराडच्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार होतं. मंडळाची प्रथा अशी की, आदल्या दिवशी प्रत्येक नाणं सगळ्यांसमोर संगमरवरी फरशीवर वाजवून घ्यायचं. वाजवायचं काम बाबूराव पोतदारांचं. त्यांची सराफी पेढी तीन पिढ्यांची होती, आणि त्यांच्या कानाबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. जे नाणं बद्द वाजेल ते बरणीत जायचं. पेपरमिंटच्या गोळ्यांची असते तशी मोठ्या तोंडाची काचेची बरणी होती ती. आतल्या प्रत्येक नाण्याला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ‘खोटे’ असं लिहून खाली मालकाचं नाव. प्रदर्शनात ही बरणी दाराशीच ठेवलेली असे, म्हणजे नव्या माणसाने सावध व्हावं. एकदा आत गेलेलं नाणं बाहेर काढायचं नाही, हाही नियम होता.

"वाईट वाटून घेऊ नका," तात्यासाहेब पाटणकर म्हणाले. ते मंडळाचे अध्यक्ष. उंच, पांढऱ्या स्वच्छ धोतरातले, मोठ्या मनाचे म्हणून प्रसिद्ध. "माझी दोन आहेत त्या बरणीत. एक होन, एक मोहोर. नावासकट. मी लाजलो नाही, तुम्ही का लाजता? कागद घ्या, पोतदार."

पोतदारांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

शेजारच्या टेबलावर माझी मुलगी अचला बसली होती. मंडळाची सगळी लेबलं तीच लिहायची. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. माझ्या नाण्याचं लेबल तिने आदल्या आठवड्यातच लिहून ठेवलं होतं.

ते नाणं अथेन्सचं होतं. चांदीचं, चार द्राख्मांचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसऱ्या बाजूला समोर टक लावून पाहणारं घुबड, त्याच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे तीन ग्रीक अक्षरं. लॉरियनच्या खाणींतल्या चांदीची ही नाणी इतकी पाडली गेली, की इजिप्तपासून इराणपर्यंतच्या बाजारांत घुबड चालत असे. माझ्या घुबडाला मात्र डोक्यापासून पंजापर्यंत एक घाव होता. छिन्नीचा, सरळ, जवळजवळ अर्ध्या जाडीपर्यंत खोल गेलेला. त्या घावात दोन हजार वर्षांची काळी माती दगड होऊन बसली होती.

मला ते दाभोळच्या हुसेनमियां परकारांनी दिलं. ते जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर कराडला लेकीकडे राहायला आले आणि मी ग्रंथपाल असलेल्या वाचनालयात रोज दुपारी येऊन बसायचे. पोर्ट सईदला एका सोनाराने मोडीसाठी बाजूला काढलेलं ते नाणं त्यांनी तरुणपणी मागून घेतलं होतं. "तुम्ही पुस्तकातला माणूस," ते मला म्हणाले. "हे पण कुठल्यातरी पुस्तकात असंल."

"खरं असेल का हो, हुसेनभाई?"

"इतकी वर्सं खिशात हाय माझ्या. मी कधी विचारलं नाय त्याला."

माझ्या बायकोला मात्र ते घरात नको होतं. "लोक लक्ष्मी आणतात, तुम्ही घुबड आणलंत," ती म्हणाली. त्यावर अचलाने पक्ष्यांचं पुस्तक काढून दाखवलं की हे थोरलं घुबड नव्हे. आपल्या परसातल्या आंब्यावर संध्याकाळी जो पिंगळा येऊन बसतो, त्याचा हा सख्खा चुलतभाऊ. "नातेवाईक आहे, आई," ती म्हणाली. "पाहुण्याला हाकलून कसं द्यायचं?" तेव्हापासून त्या नाण्याला आमच्या घरात पाहुणा म्हणत.

आता पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी तयार होत होती.

"एक सांगू का," मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "छेद असलेलं नाणं वाजत नाही. खरं असलं तरी. चिरलेली घंटा जशी... म्हणजे तडा गेला की नाद जातो. म्हणून फरशीवरून याचं काही ठरवता येणार नाही, असं मला वाटतं."

"वाटतं," पोतदार लिहिता लिहिता म्हणाले.

"आणि तो छेद कशाचा?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"परीक्षेचा. त्या काळी आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी फसवी नाणी निघत. म्हणून इजिप्तकडचे व्यापारी घुबड हातात आलं की छिन्नीने कापून आत पाहत."

"आमच्या पेढीवर खोटा रुपया आला की आजोबा छिन्नीने कापायचे," पोतदार म्हणाले. "परत कोणाला फसवू नये म्हणून. कापलेलं म्हणजे बाद केलेलं, सोवनी. तुमच्या पुस्तकात काहीही असो."

खरं तर अथेन्समध्येही खोटं नाणं कापूनच बाद करत आणि देवीच्या नावाने जमा करत. तिथेही एक प्रकारची बरणीच होती. हे मी वाचलेलं होतं आणि अनेक रात्री त्याचा विचार केला होता. माझं घुबड कशासाठी कापलं, पाहण्यासाठी की बाद करण्यासाठी, हे मला आजही माहीत नाही.

तात्यासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते कधीही मोठ्या आवाजात बोलत नसत.

"सोपा मार्ग आहे. पोतदारांच्या पिशवीत कानस आहे. कडेला दोन घासे मारू. आत तांबं दिसलं तर बरणी. चांदी दिसली तर घुबड उद्या मधल्या पेटीत, लाल मखमलीवर, आणि मी स्वतः सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. झालं?"

झालं असतं. मागणी वाजवी होती आणि ती करणारा माणूस सभ्य होता. मी नाणं पुढेही केलं. पोतदारांनी पिशवीतून कानस काढली आणि धोतराला पुसली.

इथे मला दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तात्यासाहेबांचा हात माझ्या खांद्यावर त्या गोष्टीमुळेही होता.

अचला जन्मली तेव्हा तिचा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. मिरजेला लहानपणीच शस्त्रक्रिया झाल्या. ओठावर बारीक रेघ राहिली आणि आवाज थोडा नाकातून येऊ लागला. ‘प’ आणि ‘ब’ जरा मऊ पडत. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची, आणि आठवीच्या वर्गाला तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट कळायचा. पण बघायला येणारे लोक आठवीत नव्हते. कोणी नाव विचारायचं, मग गावाचं नाव विचारायचं, मग ‘पोपट’ म्हणायला लावायचं आणि हे सहज विचारल्यासारखं दाखवायचं.

त्या महिन्यात तात्यासाहेबांनी स्वतःच्या मेहुणीच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत, घर सांगलीला. मुलाकडचे येऊन गेले. मुलाच्या आईने अचलाकडून वर्तमानपत्रातला अर्धा रकाना वाचून घेतला. निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण पुण्याचे मोठे मामा त्या दिवशी नव्हते. ते रविवारी चारला येतील. त्यांच्यासमोर एकदा वाचून दाखवू दे. जरा मोठ्याने.

"एकदा वाचलं ना, अण्णा," अचला मला म्हणाली होती. "मामा आले म्हणून माझी टाळू बदलणार आहे का?"

"शेवटचंच एकदा, बाळ. घर चांगलं आहे."

"शेवटचं कोणाचं? त्यांच्या काकूंनी अजून ऐकलं नाही. आजोळचे तर सगळेच बाकी आहेत."

तिची आई रडायला लागली, म्हणून ती गप्प बसली. तो रविवार म्हणजे उद्याचा दिवस.

तर कानस पोतदारांच्या हातात होती आणि नाणं माझ्या तळहातावर. मी कचरतोय हे तात्यासाहेबांनी पाहिलं असावं. ते हसले आणि धीर द्यावा तसं म्हणाले, "सोवनी, इतकं काय मनाला लावून घेताय? खऱ्याला परीक्षेचं भय नसतं. आता उद्या चारला मामा येतील. ऐकतील, समाधान होईल त्यांचं, संपला विषय. हे पण तसंच. दोन घासे."

अचलाचं लिहिणं थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. बोरूचा कागदावरचा आवाज थांबला, एवढं कळलं.

मी मूठ मिटली.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"कानस लागणार नाही याला."

पोतदार नाखूश झाले. "म्हणजे तुम्हालाच खात्री नाही."

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही. खोटंही असेल. मी फार काही जाणकार नाही, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पण याची परीक्षा झालेली आहे. घाव घालून झाला, आत पाहून झालं. ज्याने पाहायचं त्याने पाहिलं आणि पुढे जाऊ दिलं. आता पुन्हा नाही."

"तो पाहणारा कोण होता, भेटला होता का तुम्हाला?" कोणीतरी मागून विचारलं, आणि लोक हसले.

"नाही भेटला. पण त्याला या नाण्यावर स्वतःचा माल द्यायचा होता. आपल्याला नुसती चिठ्ठी बांधायची आहे."

हे मी कसं बोललो मला कळलं नाही. हसणं थांबलं. मी टेबलाची कड धरली. बोलायला लागलोच होतो, तेव्हा जे माहीत होतं ते सगळंच सांगून टाकलं.

"अथेन्सच्या बाजारात सरकारी परीक्षक बसायचा. नाण्याबद्दल शंका आली की त्याच्याकडे न्यायचं. खोटं असलं तर तो कापायचा. खरं असलं तर मालकाला परत द्यायचा. पण कायदा तिथे संपत नव्हता. परीक्षकाने खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदाराने घ्यायला नाही म्हटलं, तर त्या दुकानदाराचा त्या दिवशीचा सगळा माल जप्त व्हायचा. सगळा. पुन्हा पुन्हा तपासणाऱ्यालाही शिक्षा होती, तात्यासाहेब."

"मग आता काय, आमचं प्रदर्शन जप्त करता?" तात्यासाहेब अजून हसतच होते. "सोवनी, तुम्ही घरी घुबड पाळलंय हे ऐकलं होतं. त्याने तुम्हाला बोलायला शिकवलं हे माहीत नव्हतं."

"प्रदर्शन तुमचंच आहे. मी माझा माल उचलतो."

मी मधल्या पेटीकडे गेलो. तिथे माझी दोन छोटी नाणी आधीच मांडलेली होती. मिनँडरची, म्हणजे आपल्या मिलिंद राजाची. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी. भडोचच्या बाजारात अशी जुनी द्राख्मा अजून चालतात, असं एका ग्रीक दर्यावर्द्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. दोन्ही त्या दिवशी फरशीवर सुरेख वाजली होती. प्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘यवन नाणी’, म्हणजे ग्रीकांची, असं ठळक छापलं होतं आणि मंडळात यवन नाणी फक्त माझ्याकडेच होती. ती मी रुमालात बांधली.

तात्यासाहेबांचं हसू गेलं. "हा पोरकटपणा आहे. उद्या कलेक्टर येणार आहेत."

"येऊ देत. आणि पुण्याच्या मामांना मात्र आज संध्याकाळीच कळवा. उद्या चारला आमच्याकडे कोणी वाचून दाखवणार नाही."

ही गोष्ट मंडळाची नव्हती, घरातली होती, आणि ती मी चारचौघांत काढली होती. तात्यासाहेब अचलाकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंखुरं वाईट वाटलेलं होतं.

"अचला, तू शहाणी आहेस. तुझ्या वडिलांना समजाव. एका नाण्यापायी स्थळ घालवतायत."

अचला उठली. तिने लेबलांच्या गठ्ठ्यातून एक लेबल काढलं. मला वाटलं ती ते फाडणार. ती टेबलाच्या पुढे येऊन उभी राहिली, वर्गात उभी राहते तशी, आणि तिने ते मोठ्याने वाचलं. नाकातून येणाऱ्या त्याच आवाजात, प्रत्येक मऊ ‘प’ आणि ‘ब’सकट, कुठेही घाई न करता.

"अथेन्स. चार द्राख्मा. चांदी. दर्शनी बाजूस अथीना देवी. पाठीमागच्या बाजूस पिंगळा पक्षी. पिंगळ्यावर परीक्षेचा छेद. नाणे बाजारात पुढे चालले. संग्राहक, नरहर दत्तात्रय सोवनी."

तिने लेबल खाली घेतलं.

"वाचलं, काका. मामांना सांगा, त्यांचा नंबर चुकला."

तात्यासाहेब बरणीच्या झाकणाशी चाळा करत राहिले. मग पोतदार, ज्यांच्या कानाबद्दल गावात कोणाला शंका नव्हती, कानस पिशवीत टाकत खाली पाहूनच म्हणाले, "शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू आलं."

टेबलावर पोतदारांनी लिहिलेली चिठ्ठी पडली होती. ‘खोटे – न. द. सोवनी.’ शाई वाळलेली होती. अचलाने ती उचलली, दोऱ्यासकट पर्समध्ये टाकली, आणि आम्ही दोघं बाहेर पडलो.

त्यानंतर मी मंडळात गेलो नाही. त्यांनी बोलावलंही नाही. तात्यासाहेब रस्त्यात भेटले की नमस्कार व्हायचा, तेवढाच. बायको माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि तिचं सगळंच चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यानंतर तीन वर्षं एकही स्थळ आलं नाही. रात्री मी अंथरुणावर पडून हिशेब मांडायचो, की मी मुलीचं भलं केलं की माझ्या भिडस्तपणावरचा जुना राग तिच्या खर्चाने काढला. उत्तर रोज वेगळं यायचं.

पुढे तिने लग्न केलं. तिच्याच शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या गृहस्थांशी. ते बघायला कधी आलेच नाहीत, रोज बघतच होते. आता ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे. पोतदारांची ती चिठ्ठी तिने चौकटीत बसवून माझ्या वाचायच्या टेबलासमोर लावली आहे. येणारे विचारतात हे काय, तर ती म्हणते, "अण्णांचं प्रमाणपत्र."

मागच्या वर्षी एक तरुण संग्राहक माझ्याकडे आला. चांगला, अभ्यासू. म्हणाला, आता असं यंत्र आहे की न कापता, न घासता नाण्याच्या पोटातलं एका मिनिटात सांगतं. पुण्याला घेऊन जाऊ का? मी त्याला चहा दिला, नाणं हातात दिलं, हवं तितका वेळ पाहू दिलं. यंत्राला नको म्हणालो. तो थोडा हिरमुसला. त्याने जाताना विचारलं, "पण तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटत नाही?"

"वाटतं," मी म्हणालो. "रोज वाटतं."

त्या संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. हॉलमधून आम्ही सरळ घरी गेलो नाही. घरी काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. आम्ही घाटावर गेलो, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथे. पायरीवर बसलो. अचलाने माझी मूठ उघडून नाणं घेतलं. ऊन उतरलं होतं, आणि घावाच्या दोन्ही बाजूंनी घुबड तिच्याकडे टक लावून पाहत होतं.

तिने ते कोपरभर उंच धरलं, थेट पोतदारांसारखं, मान तिरकी करून, आणि दगडी पायरीवर सोडलं.

"बद्द," ती म्हणाली.

"बद्द," मी म्हणालो.

तिने ते पुन्हा उचललं आणि पुन्हा टाकलं. मग मी टाकलं. पलीकडे धुणं धुणाऱ्या दोन बायका आमच्याकडे पाहायला लागल्या, तरी अंधार पडेपर्यंत आम्ही आळीपाळीने ते वाजवत बसलो.